आग नसते तेव्हा अग्निशमन दलाची माणसं दिवसभर काय करतात?

तुम्ही विचारलंय की घराजवळच्या अग्निशमन केंद्रात जवान कायम बंब पुसताना नाहीतर व्हॉलीबॉल खेळताना दिसतात, मग एवढी माणसं चोवीस तास पगारावर ठेवायची गरज काय. प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. मी या खात्यात २२ वर्षं काढली आणि नेमकं हेच माझ्या सासऱ्यांनी लग्न ठरायच्या आधी मला विचारलं होतं. तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं. आता देऊन बघतो.

बंब पुसण्यापासून सुरुवात करू. पाळी बदलली की नवी तुकडी गाडीचा एकेक कप्पा उघडते. टाकी भरलेली आहे का, पंप चालू केल्यावर दाब नीट येतो का, शिडीचा दोर झिजलाय का. होजच्या, म्हणजे पाणी मारायच्या जाड पाइपच्या, जोडात बांगडीएवढी रबरी चकती असते, तीही जागेवर आहे का ते बघतात. चकती नसली तर ऐन वेळी जोडातून पाणी उडत राहतं आणि पुढे ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत दाबच पोचत नाही. होज मधोमध दुमडून, दोन्ही टोकं बाहेर राहतील अशी गुंडाळतात. तशी असली की एका झटक्यात फेकली की सरळ उलगडते आणि दोन्ही जोड हाताशी येतात. वाकडीतिकडी गुंडाळलेली होज अंधारात सोडवत बसायचा प्रसंग माझ्यावर एकदा आलाय. ती मीच गुंडाळली होती.

पाण्याचा हिशेब बघा. मोठ्या बंबात सुमारे ४,५०० लिटर पाणी असतं. एक होज मिनिटाला ४५० लिटर ओतते असं धरलं तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन होज लावल्या तर पाचच मिनिटांत. त्यामुळे घटनास्थळी गाडी थांबते तेव्हा सगळे ज्वाळांकडे बघत असले तरी पंप ऑपरेटर रस्त्याकडे बघत असतो, पुढचं पाणी कुठून घ्यायचं या विवंचनेत. हे ठरवायला भागातला प्रत्येक हायड्रंट (बंबासाठी रस्त्यात ठेवलेला पाण्याचा नळ), विहीर, तलाव, मोठ्या इमारतींच्या टाक्या आधीच माहीत असाव्या लागतात. म्हणून आग नसते त्या दिवशी आम्ही गल्ल्या तुडवत असतो. दर खेपेला हायड्रंटची दोनचार झाकणं नव्या डांबराखाली गडप झालेली सापडतात, नाहीतर त्यांच्यावर कुणाची तरी मोटार उभी असते. ती हलवा म्हटलं की मालकाला वाद घालायला जो हुरूप येतो तो खरंच बघण्यासारखा असतो.

आता व्हॉलीबॉल. धुरात शिरताना पाठीवर जो सिलिंडर असतो त्यात ऑक्सिजन असतो असं जवळपास सगळ्यांना वाटतं. त्यात साधी हवाच असते, ३०० बार दाबाने भरलेली. कागदावर ती चाळीसेक मिनिटं पुरते. अंगावर जाड कोट, हातात पाण्याने भरलेली जड होज आणि चार जिने चढून गेलेला माणूस असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत संपते. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजायला लागते, आणि ती वाजायच्या आधीच परतीची वाट धरलेली बरी. ज्याचा दम चांगला त्याची हवा जास्त वेळ टिकते. साहेब लोक आम्हाला मैदानावर पळवायचे ते यासाठी.

एका तळघराची वर्दी माझ्या चांगली लक्षात आहे. (आमच्यात आगीच्या कॉलला वर्दी म्हणतात.) आत जाण्यापूर्वी आम्हा दोघांची नावं, सिलिंडरचा दाब आणि वेळ दारावरच्या फळ्यावर लिहिली गेली. आत स्वतःचा हात दिसेना. अशा वेळी भिंत तळहाताने चाचपायची नाही, हाताच्या मागच्या बाजूने चाचपायची. चुकून जिवंत वायर लागली तर स्नायू आखडून मूठ वळते. तळहात असेल तर वायर मुठीत पकडली जाते, मागची बाजू असेल तर हात आपोआप दूर होतो. मी तसाच भिंत चाचपत चाललो होतो, एका हाताने जोडीदाराचा पट्टा धरून. आग फार मोठी नव्हती, पुठ्ठ्याची खोकी धुमसत होती. पण परत फिरल्यावर वळण चुकलो. बाहेर फळ्यापाशी बसलेल्या माणसाने घड्याळ बघून आमची वेळ झाली म्हणून दुसरी जोडी आत पाठवली, तिच्या बॅटरीचा पुसट उजेड दिसला आणि दिशा कळली. तो माणूस त्या दिवशी होजला हातही न लावता नुसता बसून होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा आयता पगार घेतो.

तुमचा दुसरा समज असा दिसतो की आमचं काम म्हणजे आग. वर्दी रजिस्टर उघडलंत तर त्यात कोसळलेली झाडं, अडकलेल्या लिफ्ट, गॅसचा वास, अपघातात चेपलेल्या गाड्या, मांजात गुरफटलेली कबुतरं, आतून कडी लागून कोंडलेली लहान मुलं असं सगळं सापडेल. एकदा रात्री अडीचला शेजाऱ्यांनी बोलावलं, पलीकडचे आजोबा हाक मारूनही उत्तर देत नव्हते. आग नाही, धूर नाही. दार उघडलं तर आजोबा बाथरूममध्ये पडलेले, शुद्धीवर, आणि आम्हाला बघून आधी ओशाळलेले. शेजारी म्हणाले, कोणाला फोन करायचा कळेना म्हणून तुम्हाला केला. मला वाटतं, शहरात आमची खरी ओळख हीच आहे.

ही सोय कायम अशी नव्हती. लंडनमध्ये १८३३पासून आग विझवणारी मुख्य तुकडी विमा कंपन्यांच्या पैशावर चालायची. तिचा प्रमुख जेम्स ब्रेडवूड. त्याआधी १८२४ साली एडिनबरामध्ये शहराची तुकडी उभी करताना त्याने मुद्दाम गवंडी, सुतार, छप्पर घालणारे, नळजोडणी करणारे असे लोक घेतले होते. कारण उघड होतं, जळती इमारत कुठून ढासळेल हे बांधणाऱ्यालाच आधी कळतं. बाहेरून पाणी मारत बसू नका, आत शिरून आगीच्या मुळावर मारा, हा त्याचा आग्रह. १८६१मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली आणि भिंत अंगावर कोसळून तो गेला. नुकसान इतकं झालं की विमा कंपन्यांनी हात वर केले आणि १८६५च्या कायद्याने लंडनचं अग्निशमन सार्वजनिक झालं.

आम्ही आजही इमारती हिंडत असतो तो ब्रेडवूडचाच धडा. जिने किती, तळघरात काय साठवलंय, गच्चीचं दार कुलपात आहे का. आत काय भरलंय यावर किती काही अवलंबून असतं ते मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ला दिसलं. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं दोन्ही भरलेली होती. कापूस पेटला, जवान पाणी मारत राहिले, आणि जहाज फुटलं. दलाचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच तारखेला.

शाळा आणि सोसायट्यांमध्ये आम्ही प्रात्यक्षिकं घ्यायला येतो तेव्हा निम्मे लोक मोबाइलमध्ये असतात. तिथे मी एकच गोष्ट सांगायचो. एका घराची आग विझवून आम्ही आत गेलो. समोरासमोर दोन खोल्या. एकीचं दार उघडं राहिलेलं, तिथे पंखा वितळून लोंबत होता, भिंती कोळशासारख्या. दुसरीचं दार बंद होतं. त्या दाराची बाहेरची बाजू करपलेली आणि आत पलंगावरची पांढरी चादर जशीच्या तशी. पाच सेंटिमीटरसुद्धा जाडी नसलेलं ते साधं लाकडी दार. आगीत माणसं बहुतेकदा भाजण्याआधी धुराने जातात, आणि बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. म्हणून बाहेर पळताना मागचं दार ओढून घ्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात टाकू नका, पाणी खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करून वर झाकण सरकवा. आणि फोनवर पत्ता सांगताना जवळची खूण सांगा. घाबरलेला माणूस ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवतो, कुठे ते सांगतच नाही.

राहिला माणसांच्या संख्येचा मुद्दा. फक्त एका खोलीची आग धरा. आत जाणारे दोन. ते अडकले तर त्यांना काढायला मास्क लावून तयार उभे दोन. फळ्यापाशी एक. पंपावर एक. हायड्रंट शोधून जोडणारा एक. आणि हे सगळं बघून निर्णय घेणारा एक अधिकारी. झाले आठ, अजून शिडी काढलेलीच नाही. तुम्हाला नेटच्या दोन्ही बाजूंना जेवढी माणसं दिसली ती साधारण तेवढीच असणार, आणि घंटा वाजली की चेंडू हवेत सोडून पळतात. पुढच्या वेळी तिथून जाताना बघा, मैदानाच्या कडेला त्यांचे बूट नीट ओळीने, पाय घालायच्या दिशेने मांडून ठेवलेले असतात.