झाडाच्या बुंध्यासारखी कबर

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तिथल्या जुन्या स्मशानात दगडात कोरलेला झाडाचा बुंधा दिसला, त्यावर कुऱ्हाड पण होती. कुणा लाकूडतोड्याची कबर का?

उत्तर: नाही हो, तो बहुतेक 'वुडमेन ऑफ द वर्ल्ड'चा, म्हणजे नावापुरत्या 'जगातल्या लाकूडतोड्यां'चा, मेंबर असणार. जोसेफ रूट यांनी 1890 मध्ये ओमाहा शहरात काढलेली ही विम्याची संस्था, म्हणजे मेंबर गेला की घरच्यांना पैसे, आणि सुरुवातीच्या काळात कबरीच्या दगडासाठी वेगळे 100 डॉलर, त्यामुळे साध्या माणसालाही असं देखणं स्मारक मिळालं, मला हे फार मोलाचं वाटतं. कुऱ्हाडीसोबत पाचर, मोगरी, कबुतरही असतं. लॅटिन अक्षरं दिसली का? 'दुम ताकेत क्लामात' (Dum Tacet Clamat), म्हणजे गप्प असूनही तो बोलतोय.