जुनं वेब्ली एअर पिस्तूल : बफ मारू का?

प्रश्न : मामांचं वेब्ली सीनियर माळ्यावर सापडलं, ४.५ एमएमचं, चालतं पण निळसर पॉलिश ठिकठिकाणी गेलंय आणि नळीवर तांबूस गंज आलाय. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात एक जण म्हणाला बफ मारून (फिरत्या चाकावर घासून) चकाचक करून देतो, दुसरा म्हणाला रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. बजेट हजाराच्या आत आहे, काय करू? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही नको, प्लीज. बफने कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात, ती परत येत नाहीत, आणि व्हिनेगर गंजाबरोबर उरलंसुरलं ब्लूइंगही (तेच तुमचं निळसर पॉलिश) खातं कारण ब्लूइंग म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइडच. हे मॉडेल १९३० पासूनचं, अख्खं स्टीलचं, त्यामुळे आधी नळी उकळून बघा. खरंच सांगतो, लाल गंज उकळत्या पाण्यात काळा होतो, जुन्या बंदुकांना रस्ट ब्लूइंग, म्हणजे मुद्दाम गंज आणून तो काळा करणं, याच तत्त्वावर करायचे. सुटी केलेली नळी भांड्याच्या लिक्विडने धुवा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग ग्लोव्हज घालूनच हात लावा, बोटाचा ठसाही डाग पाडतो. पाणी नळाचं नको, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, पातेलं स्वयंपाकाचं नको. २० मिनिटं उकळलं की बाहेर काढा, सुकवा आणि ०००० नंबरच्या (एकदम बारीक) स्टील वूलने अगदी हलक्या हाताने घासा, वूलला तेल असतं म्हणून तेही आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुवा. दोनतीनदा केलंत की तांबूसपणा जाऊन छान करडा-काळा रंग राहतो.

अगदी उघडं पडलेलं स्टील असेल तिथेच कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं, स्टील काळं करणारं केमिकल) लावा, त्यात सेलेनियम असतं म्हणून खिडकी उघडी हवी, मुलं लांब हवीत. (हेच वेब्लीच्याच १९७९ नंतरच्या टेम्पेस्ट पिस्तुलावर करू नका, ते अ‍ॅलॉयचं आहे, कोल्ड ब्लू धरणारच नाही.)

सिलिंडर (नळीखालचा हवा दाबणारा भाग) मात्र घरी उघडू नका, आतली स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर डोळा जाईल. तो भाग न खोलता बाहेरून तेल आणि स्टील वूलने पुसला तरी पुष्कळ फरक पडतो.

शेवटी पातळ तेलाचा हात द्या आणि पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. सुती कपड्यात, सिलिका जेलसोबत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला काढून पुसा.