शातो मुसार उघडण्याआधी

मुसारची रेड वाइन पहिल्यांदाच घेतोयस ना? मग घाई नको. लेबनॉनमधल्या गझीरला होशार कुटुंबाची ही वायनरी १९३० पासूनची. द्राक्षं मात्र डोंगरापलीकडच्या बेका खोऱ्यातली, सुमारे १००० मीटर उंचीवरची. वाइन गाळलेली नसते आणि बाजारात येते तीच साधारण सात वर्षांनी, त्यामुळे तळाशी साका असतोच. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेव. डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धर. साका मानेपाशी दिसला की थांब. सुरुवातीला नेलपॉलिशसारखा वास आला तर लगेच नाक मुरडू नकोस, ही तिची जुनीच खोड आहे! तासाभराने पुन्हा हुंगून बघ. आणि आपल्या उन्हाळ्यात ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये, उभीच.