राष्ट्रपतींची माफी कुठपर्यंत पोचते?

दयेच्या अर्जाबद्दल या वेळी तीन पत्रं आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. तिन्ही पत्रं वेगळी आहेत, पण तिघांच्याही मनात एक चित्र सारखंच दिसतंय, की राष्ट्रपती एकटे बसून ठरवतात आणि एका सहीत कुणालाही सोडतात. तसं नाहीये.

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष खटला उभा राहायच्या आधीच माणसाला माफ करून टाकतात. आपल्या राष्ट्रपतींना असं करता येतं का? आणि त्यांनी माफ केलं की गुन्हाच पुसला जातो का? (एक निवृत्त शिक्षक)

सर, आपल्याकडे नाही येत. तिकडे १९७४ मध्ये फोर्ड यांनी निक्सनना माफ केलं तेव्हा निक्सनवर खटलासुद्धा चालला नव्हता. आपल्या घटनेच्या कलम ७२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दोषी ठरलेल्या व्यक्तीबद्दलच हा अधिकार वापरायचा, म्हणजे आधी कोर्टाने दोषी धरायला हवं. आणि तेही सगळ्याच गुन्ह्यांत नाही. कोर्ट मार्शलने शिक्षा दिली असेल, केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयाचा गुन्हा असेल किंवा शिक्षा फाशीची असेल, तेव्हाच राष्ट्रपती. एरवी चोरी, मारामारी, खून अशा रोजच्या गुन्ह्यांत जन्मठेप वगैरे झाली तर तो विषय राज्याचा, म्हणजे कलम १६१ आणि राज्यपाल.

पुसला जातो का, हे नेमकं काय दिलंय त्यावर आहे. पूर्ण माफी मिळाली तर शिक्षा आणि दोष दोन्ही जातात. पण बहुतेक वेळा मिळते ती सूट, किंवा फाशीची जन्मठेप, आणि त्यात माणूस कागदावर दोषीच राहतो. दहा वर्षांची शिक्षा झालेल्याला पाच वर्षांनी सोडलं तरी कोर्टाने दिलेली शिक्षा दहा वर्षांचीच धरतात, नुसती भोगायची कमी झाली. एका उमेदवाराने शिक्षेत सूट मिळाली म्हणून आपण निवडणुकीला पात्र आहोत असं म्हणून पाहिलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. इंदिरा गांधी हत्येतल्या केहर सिंग प्रकरणात तर १९८८ मध्ये कोर्टाने फार चांगलं समजावलंय, की राष्ट्रपती पुरावा स्वतः वाचू शकतात, कोर्टापेक्षा वेगळ्या मतालाही येऊ शकतात, पण त्याने कोर्टाचा निकाल बदलत नाही. निकाल जागेवर राहतो आणि त्याचा परिणाम तेवढा कमी होतो किंवा टळतो.

आता 'एकटे' बद्दल. १९८० च्या मारू राम निकालापासून हे पक्कं आहे की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं. अर्ज जातो गृहमंत्रालयात, तिथे टिपणी होते आणि मग फाइल राष्ट्रपती भवनात. नाही पटलं तर एकदा परत पाठवता येते, पण सरकारने तोच सल्ला पुन्हा दिला तर बांधील. म्हणून अमक्या राष्ट्रपतींनी इतक्यांना वाचवलं, तमक्यांनी कुणालाच नाही, अशी जी गणितं पेपरात येतात त्यात त्या त्या वेळच्या सरकारचा वाटा कुणी धरतच नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं.

राज्यपालांचंही तसंच. तामिळनाडूच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये राजीव गांधी हत्येतल्या पेरारिवलनला सोडा अशी शिफारस केली, राज्यपालांनी ती दोन वर्षांहून जास्त ठेवून घेतली आणि मग राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. शेवटी १८ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच त्याला सोडलं आणि सांगितलं की राज्यपालांना ती शिफारस बंधनकारक होती.

मुंबईतलं नानावटी प्रकरण, म्हणजे नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला, तुम्हाला आठवत असेलच. ११ मार्च १९६० ला हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती शिक्षा स्थगित केली, म्हणजे माणूस जेलमध्ये न जाता नौदलाच्याच ताब्यात. सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं, कारण अपील आमच्यापुढे आलेलं असताना शिक्षा थांबवायची की नाही हे आम्ही बघणार. नंतर १९६१ मध्ये शिक्षा कायम झाली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, त्याला कोर्टाची आडकाठी झाली नाही. अधिकार तोच, राज्यपाल पदही तेच, फक्त वेळ वेगळी.

प्रश्न : नवीन बीएनएसएसच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४७२ मध्ये लिहिलंय की राष्ट्रपतींचा निर्णय अंतिम, कुठल्याही कोर्टात त्याची चौकशी नाही. मग दयेचा अर्ज फेटाळल्यावर पण कोर्ट फाशी रद्द करतं ते कसं? (लॉच्या सेकंड इयरची विद्यार्थिनी)

छान प्रश्न विचारलास. निर्णय बरोबर की चूक, दया दाखवायला हवी होती की नको, यात कोर्ट जात नाही, ते आधीही जात नव्हतं. कोर्ट बघतं तो निर्णय कसा झाला ते. महत्त्वाचे कागद समोर ठेवले का, द्वेषाने झालं का, जात, धर्म किंवा पक्ष बघून झालं का. २००६ च्या एपुरु सुधाकर निकालात आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट कोर्टाने रद्द केली, तिथे वर गेलेल्या अहवालात कैदी काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता असल्याचं लिहिलेलं होतं! दोषी ठरलेल्याला सोडायचं ते कार्यकर्ता म्हणून? आणि साधा कायदा काहीही म्हणो, कलम २१ (जगण्याचा हक्क), ३२ आणि २२६ (वरच्या कोर्टात दाद मागणं) घटनेत आहेत, ४७२ ने ती दारं बंद होतील असं मला वाटत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण हे आपल्या महाराष्ट्रात झालंय.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज गेले, आधी राज्यपाल मग राष्ट्रपती, आणि २०१४ मध्ये नकार आला. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने दोघींची फाशी जन्मठेपेवर आणली. त्यांच्या गुन्ह्याबद्दल कोर्टाला जराही शंका नव्हती, पण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षं दहा महिने लागले होते आणि तो उशीर सरकारी यंत्रणेच्या ढिलाईचा होता. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात तर राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्येच नकार दिला होता, पण पुढे डेथ वॉरंट निघायलाच जवळजवळ दोन वर्षं गेली, फाशीची तारीख पडली २४ जून २०१९, आणि जुलै २०१९ मध्ये हायकोर्टाने उशिरामुळे ३५ वर्षांची जन्मठेप केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं.

लोक अशा वेळी कोर्टावर चिडतात. मी म्हणते जरा फाइलवर चिडा ना. फाशी यार्डातला माणूस रोज सकाळी बुटांचा आवाज आला की आजच का म्हणून उठून बसतो, आणि जिची लेक गेली ती आईसुद्धा तेवढीच वर्षं वाट बघते, दोघांनाही कुणी काही कळवत नाही आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला महिने लागतात. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका फटक्यात १५ जणांची फाशी कमी केली ती बहुतेक याच कारणाने, आणि सांगितलं की नकार कळवल्यावर फाशीआधी निदान १४ दिवस मिळायला हवेत आणि घरच्यांना वेळेत कळलं पाहिजे. त्याच्या वर्षभर आधी ९ फेब्रुवारी २०१३ ला अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली, तेव्हा घरी पाठवलेलं स्पीड पोस्ट पोचलं दोन दिवसांनी, ११ तारखेला. गुन्हा संसदेवरच्या हल्ल्याचा होता, तरी बायकोला शेवटचं भेटता येऊ नये हे बरोबर नव्हतं, असं माझं मत आहे आणि मी ते कुठेही सांगेन.

४७२ मध्ये मुदती आल्यात. अपील संपल्याचं जेल अधीक्षकांनी कळवलं की ३० दिवसांत अर्ज, राज्यपालांनी नाकारला की ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे, केंद्राने ६० दिवसांत शिफारस द्यायची आणि निर्णय झाला की ४८ तासांत राज्याला आणि जेलला कळवायचं. या टप्प्यांना मुदत आहे, पण खुद्द निर्णयाला नाही. तू प्रोजेक्ट करत असशील तर यावरच कर.

प्रश्न : माझ्या भावाला खुनात जन्मठेप आहे, बारा वर्षं झाली आत आहे. एक जण म्हणतो राष्ट्रपतींकडे ओळख आहे, अर्ज मंजूर करून आणतो, पण आधी पैसे लागतील. द्यावेत का? (नाव छापू नका)

ताई, एक रुपया देऊ नका. तुम्ही लिहिलंय तसा राज्यातला साधा खुनाचा खटला असेल तर तो राष्ट्रपतींकडे जातच नाही, त्यामुळे तो माणूस खोटं बोलतोय हे इथेच कळतंय. दयेच्या अर्जाला फी नसते आणि एजंट पण लागत नाही.

तुमच्या भावाचा रस्ता दुसरा आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली असेल तर सरकारला एरवी १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सोडता येत नाही, आणि जेलमध्ये ज्याला माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीची वगैरे सूट) म्हणतात ते या १४ मध्ये धरत नाहीत, म्हणून 'माफी धरून झाली की चौदा' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राज्यपालांना कलम १६१ खाली ही १४ वर्षांची अट लागू नाही, पण तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच, आणि अगदी आजारपण वगैरे सबळ कारण असेल तर तसा अर्ज जरूर करा, नुसती आशा म्हणून त्यावर अवलंबून राहू नका. बाकी १४ नंतरची सुटका राज्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या नियमांनी होते, त्यात गुन्हा कसा घडला यावरून एकूण किती वर्षं काढायची ते ठरतं, काहींना १४ पेक्षा बरीच जास्त लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असं धोरण असलेल्या राज्यात कैदी पात्र झाला की त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने स्वतःहून विचार करायचा.

पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा भावाला सांगा की जेल ऑफिसातून आजपर्यंत प्रत्यक्ष किती दिवस झाले आणि आपण कुठल्या कॅटेगरीत बसतो ते लेखी मागून घे. कोठडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० वर फोन करा. आणि त्या माणसाला आधीच काही दिलं असेल तर तारीख, रक्कम, मेसेज सगळं जपून ठेवा आणि मला परत लिहा.