बालेकिल्ला, कसबा आणि सुरुंग

प्रश्न असा आला आहे: "निवडणूक आली की 'पुणे हा अमक्या पक्षाचा बालेकिल्ला' असं वाचायला मिळतं. यातलं 'बाले' म्हणजे बळ की बाळ? आणि बालेकिल्ल्याला खिंडार पडतं की सुरुंग लागतो?"

बळही नाही आणि बाळही नाही. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा, उंच. बाला किला, म्हणजे वरचा किल्ला; मराठीच्या तोंडात त्याचं 'बाले' झालं. काबूलचा आणि पेशावरचा 'बाला हिसार' याच घरचा. आपला बालाघाटही त्यातलाच, घाटावरचा मुलूख; खालचा तो पायनघाट. आणि रोजच्या बोलण्यातलं 'बालाबाल' तेच: वरच्या वर, परस्पर. उमेदवारी बालाबाल ठरली म्हणून कुरकुरणारा कार्यकर्ता नकळत शुद्ध फारसी बोलत असतो. 'बळाचा किल्ला तो बालेकिल्ला' असं व्यासपीठावरून ठोकून देणाऱ्यांनी आणि 'किल्ल्याच्या पोटातलं बाळ' म्हणून कौतुक करणाऱ्यांनी बालाघाटात कोणाचं बळ आणि कोणाचं बाळ, तेवढं सांगावं.

अर्थाबद्दल 'किल्ल्यातला किल्ला' एवढं म्हणून मोकळे होणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, कारण त्यात शब्दातली उंचीच गळून जाते. राजगड पाहा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या पसरलेल्या आणि मधोमध कातळावर चढलेला तो बालेकिल्ला. जंजिऱ्यासारख्या पाण्यातल्या किल्ल्यातही मधल्या उंच भागालाच हे नाव आहे. शत्रू माचीवर आला तरी बालेकिल्ला लढवता येतो; बालेकिल्ला पडला की लढवायला काही उरत नाही. म्हणजे एका किल्ल्याला बालेकिल्ला एकच, आणि तो सर्वांत शेवटी पडायचा. एकाच पक्षाचे एकाच राज्यात पंधरा बालेकिल्ले छापणाऱ्यांना किल्ला कशाला म्हणतात हेच ठाऊक नाही. (पुणेकर ज्याला हक्काने आपला म्हणतात तो राजगडाचा बालेकिल्ला लोकसभेसाठी बारामती मतदारसंघात मोडतो. यावर मी काही बोलणार नाही.)

आता पुणे. लोकसभेची ही जागा आजवर कोणाचा बालेकिल्ला होती, हे सांगणाऱ्याने आधी यादी समोर ठेवावी. १९५२ मध्ये काकासाहेब गाडगीळ, काँग्रेस. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काकासाहेबांसारखा माणूस पडला आणि प्रजासमाजवादी ना. ग. गोरे निवडून आले. १९६२ ला पुन्हा काँग्रेस, पण उमेदवार कोण, तर शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक! १९६७ ला संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी. १९७१ ला काँग्रेसचे मोहन धारिया. १९७७ ला पुन्हा धारियाच, मात्र आता जनता पक्षाकडून. मधल्या काळात ते इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून आणीबाणीत तुरुंगात जाऊन आले होते. १९८० ला काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ, काकासाहेबांचे चिरंजीव. पहिल्या सात निवडणुकांत एकही पक्ष लागोपाठ दोनदा जिंकलेला नाही. याला बालेकिल्ला म्हणायचं तर धर्मशाळेला काय म्हणायचं?

पुढे थोडं स्थैर्य आलं. विठ्ठलराव सलग तीनदा निवडून गेले, १९९१ ला भाजपच्या अण्णा जोशींनी त्यांना पाडलं, १९९६ ला काँग्रेसचे सुरेश कलमाडी आले. १९९८ तर बघण्यासारखं: कलमाडी काँग्रेसबाहेर, भाजप आणि शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष, आणि त्यांना हरवणारे काँग्रेसचे विठ्ठल तुपे. मग 'भाजपचा बालेकिल्ला' त्या वर्षी कुठे ठेवला होता? १९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले आणि भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. २००४ आणि २००९ पुन्हा कलमाडी, पुन्हा काँग्रेस. त्यानंतर भाजप: २०१४ ला अनिल शिरोळे, २०१९ ला गिरीश बापट, दोघेही तीन लाखांहून अधिक मतांनी, २०२४ ला मुरलीधर मोहोळ, १,२३,०३८ मतांनी. बापट मार्च २०२३ मध्ये वारले आणि पोटनिवडणूक न झाल्याने वर्षाहून अधिक काळ जागा किल्लेदाराविनाच राहिली.

एकूण अठरा निवडणुका. काँग्रेस दहा, भाजप पाच, समाजवादी दोन, जनता एक. सलग तीनपेक्षा जास्त वेळा जिंकणं अजून कोणालाही जमलेलं नाही. लढता गड म्हणा, रणांगण म्हणा, अगदी साधं 'चुरशीची जागा' म्हणा. बालेकिल्ला मात्र नाही.

'पुणे नाही, पण कसबा तर बालेकिल्ला ना?' असं लगेच कोणीतरी म्हणेल. पुणे लोकसभेच्या सहा विधानसभा मतदारसंघांतला कसबा. १९९५ पासून बापट पाच वेळा, मग २०१९ ला मुक्ता टिळक. मोठ्या किल्ल्याच्या पोटात एक भक्कम जागा, म्हणजे उपमा निदान बसते तरी. पण त्या आधी, १९९१ ला अण्णा जोशी दिल्लीला गेल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत तिथून काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले. आता उपमेच्या न्यायाने बालेकिल्ला घेणाऱ्याच्या हाती पुढच्या वर्षी अख्खा किल्ला यायला हवा होता. तेच धंगेकर २०२४ ला लोकसभेला उभे राहिले आणि पडले; त्याच वर्षी विधानसभेला कसब्यातही हेमंत रासने यांच्याकडून पडले. म्हणजे इथेही उपमा लंगडीच.

पण मला खरं बोलायचं आहे ते 'कसबा' या शब्दाबद्दल, आणि त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. आपल्याकडे कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य, पेठेचं गाव. हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, सोडून देऊ. मूळ अरबी 'कसबा'. उत्तर आफ्रिकेत, मोरोक्को आणि अल्जीरियात, आजही 'कसबा' म्हणजे शहरातली तटबंदीची उंच गढी. म्हणजे चक्क बालेकिल्ला! 'कसब्याचा बालेकिल्ला' लिहिणारा वार्ताहर 'बालेकिल्ल्याचा बालेकिल्ला' लिहीत असतो. पुण्यातही कसब्यात मुठेकाठी जुना कोट होताच, तेव्हा हा अर्थ आपल्या मातीत अगदीच परका नव्हता, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका. मत म्हटलं आहे.

एवढ्यावर संपत नाही. त्याच अरबी शब्दाचा दुसरा अर्थ बोरू, वेळू, पोकळ नळी. आणि बातमीदार कसब्याला जो 'सुरुंग' लावतात तो? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुंगा' आहे, आणि तो ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला असं बहुतेक जाणकार मानतात. सिरिंक्स म्हणजे वेळूचा पावा, नळी, आणि त्यावरून जमिनीखालचं भुयार. ग्रीक उसनवारी म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं. मग ते धातुपाठ उपसून याच शब्दाचं अस्सल संस्कृत मूळ काढून दाखवतात. त्यांनी अवश्य काढावं. तटाखालून भुयार खणून तट पाडण्यात ग्रीक वाकबगार होते, हत्याराबरोबर त्याचं नाव आलं तर त्यात लाज कसली? तोफेबरोबर तोफेचं नाव आलंच ना! असो. 'कसब्याला सुरुंग' म्हणजे अरबी वेळूत ग्रीक वेळू. इतकी सुरेख गोष्ट मथळ्यात छापून येते आणि छापणाऱ्याला पत्ता नसतो.

राहिला तुमचा खिंडाराचा प्रश्न. खिंडार म्हणजे भिंतीला किंवा कुंपणाला पडलेली फट, ते पडतं. सुरुंग हे साधन. ते कोणीतरी लावावं लागतं. बंडखोराने मतं खाल्ली तर सुरुंग लागला म्हणा, जुना मतदार आपणहून दुसरीकडे गेला तर खिंडार पडलं म्हणा. 'बालेकिल्ल्याला सुरुंगाचं खिंडार' असंही मी एकदा वाचलं आहे.