दुष्काळी मदतीचा पैसा: आधी वैरण, दुकानदाराची वही सगळ्यात शेवटी

पावसानं ओढ दिलेल्या तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतो. बाकीचे थोड्याफार फरकानं हेच आहेत. उत्तरं सरळ आहेत, राग मानू नका.

प्रश्न : खरीप हातचा गेला. मदत जाहीर होईल म्हणतात. ती आली की शाळू (रब्बी ज्वारी) पेरायचा विचार आहे. दुकानदार बियाणं-खत उधार द्यायला तयार आहे, पैसे जमा झाले की वळते करून घेईन म्हणतो. काय करावं? (ता. अंबड)

मदतीसाठी पेरणी थांबवू नका. आणि तिच्या भरवशावर उधारीही करू नका.

आधी तारखा बघा. शाळू पेरायचा तो १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार पाऊस, पिकाची स्थिती, ओलावा बघून मग गावोगाव सत्यमापन, म्हणजे शेतात जाऊन पाहणी होते आणि खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर होतो. २०२३ साली ४० तालुक्यांची घोषणा ३१ ऑक्टोबरला झाली, अंबड त्यात होता. मदतीचा निर्णय होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. म्हणजे घोषणा झाली तेव्हाच पेरणीची वेळ टळून गेली होती. जमिनीतली ओल शासन निर्णयाची वाट बघत नाही. आहे त्या ओलीवर पेरा.

पेरायला लागतं किती? एकरी चार किलो बियाणं. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात मालदांडी किंवा परभणी मोती, भारी रानात फुले वसुधा किंवा फुले यशोदा. किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, काणी रोग येत नाही. मध्यम जमिनीत कोरडवाहू शाळूला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, तेही सगळं पेरतानाच, दोन चाड्यांच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत). हिशेब केला तर एकरी युरियाची एक गोणीसुद्धा पूर्ण लागत नाही.

आता दुकानदारानं दिलेली चिठ्ठी बघा. तुम्ही फोटो पाठवलात म्हणून बोलतो. दोन एकरांसाठी युरिया चार गोण्या, ह्युमिक, ‘ताण सोसणारं’ टॉनिक, वर आणखी एक बाटली, जिच्या लेबलवर घटक काय हे धड लिहिलेलंच नाही. बियाणं चिठ्ठीत सगळ्यात खाली आणि सगळ्यात स्वस्त. ही चिठ्ठी पिकासाठी लिहिलेली नाही, तुमच्या खात्यात येणाऱ्या रकमेकडे बघून लिहिली आहे. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात कोरडवाहूला मदत हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००. एवढ्यात घर चालवायचं, जनावरं जगवायची, की त्याच्या बाटल्या रिकाम्या करायच्या? कोरड्या मातीत वरून फेकलेला युरिया पिकाच्या तोंडी लागत नाही. पुन्हा सांगतो, ओल नसताना युरिया टाकू नका. दुकानदार म्हणाला तरी टाकू नका. शेजाऱ्यानं टाकला म्हणूनही टाकू नका.

खर्च करायचाच तर कोळपणीवर करा, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्यानं हलवण्यावर. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटची पाळी लोक हमखास सोडतात, कारण तेव्हा तण नसतं. ती तणासाठी नाहीच, भेगा बुजवण्यासाठी आहे. याच भागात एका रानात अर्धा तुकडा कोळपलेला आणि अर्धा तसाच राहिलेला पाहिला. न कोळपलेल्या बाजूला पंजा आत जाईल अशी भेग, आणि अकरा वाजताच पानांच्या सुरळ्या. कोळपलेल्या बाजूला वरची भुसभुशीत माती सारली की खालची हाताला गार लागत होती. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगीच नाही. कोणत्याही बाटलीत हे मिळत नाही.

प्रश्न : यादीत नाव आहे, पण पैसे आले नाहीत. भावाचे आले, ते बँकेनं पीककर्जाला धरून ठेवले. (ता. बार्शी)

थोडक्यात सांगतो. तलाठ्यानं लावलेल्या यादीत तुमच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक घ्या, सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी (ओळख पडताळणी) करा, पावती जपा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढला नसेल तर काढा. पैसा तुम्ही सांगितलेल्या खात्यात येत नाही, आधार ज्या बँकेशी जोडलेलं आहे तिथे जातो. पोरानं मधे कुठे दुसरं खातं उघडून आधार जोडून ठेवलं असेल तर तिथे बघा. जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र, जमिनीचा खातेदार वारला असेल तर आधी वारस नोंद. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं आणि मदतीला क्षेत्राची मर्यादा असते, केंद्राच्या निकषात ती दोन हेक्टर आहे. राज्य कधी दर किंवा मर्यादा वाढवतं, तेव्हा त्या वेळचा शासन निर्णय वाचा, व्हॉट्सॲपवरचा आकडा नको.

भावाचं म्हणाल तर मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करायची नाही, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दुसरी प्रत तहसीलला. तोंडी भांडू नका, त्यानं काही होत नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात कर्जाचं पुनर्गठन (हप्ते नव्यानं बांधून देणं), वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट आणि पोरांची परीक्षा फी माफ, हेही असतं. मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.

प्रश्न : मोसंबीची आठ वर्षांची बाग आहे, विहीर तळाला गेली. दुकानदार म्हणतो, फवारण्या घेऊन आंबे बहार धरा, भाव चांगला मिळेल. मदतीत बोअर बसेल का? (ता. बदनापूर)

बहार धरू नका. आंबे बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आणायची, आणि ती आणली की जूनपर्यंत झाडाला पाणी द्यावंच लागतं, ते तुमच्याकडे नाही. फळं गळतील, पाठोपाठ फांद्या वाळतील. फवारणी म्हणजे पाणी नव्हे.

बोअरचा नाद सोडा. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला राज्याच्या भूजल कायद्यात बंदी आहे, आणि त्याच्या आत पाणी लागेलच याची खात्री नाही. त्याच २०२२-२६ च्या निकषात फळबागेची मदत हेक्टरी २२,५००, एकरी नऊ हजार. तेवढ्यात झाडं जगवायची आहेत, बाग पिकवायची नाही. झाडावर फळं असतील तर काढून टाका, वाळक्या फांद्या छाटा, खोडाला बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात आठ-दहा सेंटीमीटर जाड भुसा किंवा पाचट. पाणी एक पाळी एका बाजूनं, पुढची दुसऱ्या बाजूनं. उन्हाळ्यात पानांवर फवारायला केओलीन (पांढरी माती) आठ टक्के, म्हणजे दहा लिटरला ८०० ग्रॅम. पोटॅशियम नायट्रेट एक टक्का, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम. दोन्ही एका टाकीत नको, भर दुपारी नको. ‘ताण जास्त आहे, डोस दुप्पट करा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ताणातल्या झाडाची पानं दुप्पट डोसानं आधी करपतात.

प्रश्न : सातबारा नवऱ्याच्या नावावर, पैसे त्यांच्या खात्यात जातात. घरात दोन गायी, एक म्हैस. हे म्हणतात, एक गाय विकू. शिवाय रेशनच्या धान्याऐवजी पैसे येतात, ते बरे की धान्यच बरं? (ता. धारूर)

ताई, गाय विकायची घाई नको. दुष्काळात सगळेच बाजारात जनावरं आणतात, म्हणून भाव पडतो, आणि पाऊस पडल्यावर तीच गाय घ्यायला गेलात तर त्या पैशात येत नाही. रोख मदतीचा खरा उपयोग इथेच आहे. सावकाराकडे जावं लागत नाही आणि दावणीची जनावरं राहतात. मालकांना दोन दिवस सोबत बसवून हिशेब मांडा. मोठ्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो वाळली वैरण, तीन जनावरं, पावसाळ्यापर्यंतचे महिने. रक्कम जमा झाली की त्याच आठवड्यात कडबा घ्या. चैत्रात तोच कडबा महाग मिळतो.

रेशनचं म्हणाल तर मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये सुरू झाले, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. पूर्वी माणशी पाच किलो, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोनं मिळायचा. १७० रुपयांत बाजारात पाच किलो धान्य येतंच असं नाही, विशेषतः टंचाईच्या वर्षी. माझं मत विचाराल तर दुष्काळात घरात धान्य असलेलं बरं. पण आता पैसे येतात तर ते तुमच्या खात्यात येतात ना, एवढं बघा, आणि त्या पैशाची ज्वारी सुगीत एकदम भरून ठेवा.

शेवटचं, वैरणीचं. निकृष्ट कडब्यावर युरिया प्रक्रिया करणार असाल तर १०० किलोला चार किलो युरिया, ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर सारखा शिंपडून, २१ दिवस हवाबंद. पाच किलो नाही, सहा तर नाहीच. खडा राहिला तरी जनावर दगावतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा अजिबात घालायचा नाही. वाळत चाललेल्या शाळूची कोवळे पोंगे जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यात विष असतं. चरायला सोडताना पोराला हे सांगून ठेवा.