उंदीर जास्त वेळ झोपला म्हणजे फूल झोप आणतं का?

तुम्ही विचारलंय की कॅमोमाइलच्या फुलांचा अर्क देऊन मग पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध टोचलं, तर उंदीर कंट्रोलपेक्षा (अर्क न दिलेल्या उंदरांपेक्षा) जास्त वेळ झोपले. आता 'झोप आणणारं फूल' असं प्रबंधात लिहावं का? नाही. एवढ्यावर तर नाहीच.

याच मुद्द्यावर माझं एम.फार्म.च्या गाइडशी वाजलं होतं. फूल वेगळं, चाचणी हीच. उंदीर उताणा ठेवायचा, आपणहून पालथा होईपर्यंत वेळ मोजायची. अर्कवाले बराच वेळ उताणेच राहिले आणि सरांनी तिथेच पोस्टरचं शीर्षक ठरवून टाकलं. मी म्हटलं, सर, पेंटोबार्बिटल यकृतात मोडतं. अर्काने तिथली एन्झाइमं अडवली तर औषध रक्तात रेंगाळणार, उंदीर उशिरा उठणार. त्यात मेंदूचा काय संबंध? सर म्हणाले, "उंदीर झोपला ना? मग झालं." सगळी लॅब हसली.

मग प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी काढून मी बार्बिटल या त्याच जातीच्या औषधावर तीच चाचणी लावली. ते बहुतांशी न मोडताच लघवीतून जातं, म्हणजे यकृताचा घोळ मिटला. गटांमधला फरक जवळपास गायब! तो तक्ता अहवालात आलाच नाही. जागा नव्हती म्हणे. आभारप्रदर्शनाला मात्र दोन पानं होती.

शिवाय उताणा पडलेला उंदीर झोपलाय हेच मला मान्य नाही. ती गुंगी. झोप बघायची तर पेंटोबार्बिटल न देता ईईजी-ईएमजी (मेंदूच्या आणि स्नायूंच्या विद्युत लहरींची नोंद) लावा, एनरेम-रेम हे झोपेचे दोन प्रकार वेगळे मोजा. अर्क अंधार पडताना द्या. उंदीर दिवसा तसाही झोपलेलाच असतो. कॅमोमाइलमधलं एपिजेनिन हे द्रव्य मेंदूत बेन्झोडायझेपाइन गटातली झोपेची औषधं जिथे बसतात तिथेच बसतं, तेव्हा ती जागा अडवणारं फ्लुमाझेनिल देऊन परिणाम पुसला जातो का तेही बघा. आणि हो, बार्बिट्युरेटने (पेंटोबार्बिटल त्यातलंच) उंदीर गार पडतो, गार अंगात औषध सावकाश मोडतं. उबेची सोय केली होती ना?

ईईजीला शस्त्रक्रिया लागते, खर्चही आहे, नवी परवानगी लागेल ती वेगळीच. नसेल जमत तर 'पेंटोबार्बिटलची गुंगी लांबवते' एवढंच लिहा. गाइड ऐकत नसतील तर त्यांना विचारा: आधी क्लोरॅम्फेनिकॉल दिलं तरी पेंटोबार्बिटलवर उंदीर जास्त वेळ झोपतो, मग त्या अँटिबायोटिकलाही झोपेचं औषध म्हणायचं का?